ढिली स्टिक, सरकणारी स्टिक

जुना व्हिडिओ गेम कंट्रोलर बाद होतो तेव्हा त्याची बटणं बहुधा ठणठणीत असतात. दगा देते ती अंगठ्याखालची स्टिक, आणि तीही दोन निरनिराळ्या प्रकारे. एक तर ती लुळी पडते: सोडली की कुठेतरी कलून राहते, पूर्ण ढकलली तरी पडद्यावरचं पात्र रमतगमतच चालतं. किंवा मग ती हाताला चांगली घट्ट लागते, पण हात न लावताही पात्र आपलं आपण एका बाजूला सरकत राहतं. यालाच 'ड्रिफ्ट' म्हणतात. पहिल्या दुखण्यात झिजलेलं असतं प्लॅस्टिक, दुसऱ्यात कार्बन. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन काहीच साधत नाही, तरी बहुतेक जण दोन्हीवर अल्कोहोलच मारत बसतात.

लुळ्या स्टिकचा नमुना म्हणजे १९९६ सालच्या निन्टेंडो ६४ या गेम कन्सोलचा कंट्रोलर. जुन्या, गोळी असलेल्या माउसमधली युक्तीच याच्या स्टिकमध्ये आहे. उभ्या आणि आडव्या हालचालीसाठी एकेक चकती, तिच्या कडेला बारीक फटी, एका बाजूला इन्फ्रारेड दिवा आणि समोर प्रकाश टिपणारे दोन सेन्सर. हे सेन्सर एकमेकांपासून किंचित सरकवून बसवलेले असतात, त्यामुळे आधी कोणावर प्रकाश पडला यावरून दिशा कळते. पुढे फक्त फटी मोजायच्या. नवी स्टिक मधल्या शून्यापासून टोकापर्यंत साधारण ८० ते ८५ आकडे देते. झिजलेली साठीच्या घरातच थांबते आणि गेमला वाटतं, खेळाडूने स्टिक अर्धवटच ढकलली आहे.

झिजतं काय? स्टिकचं खालचं टोक एका प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतं आणि स्प्रिंग त्याला सतत खाली दाबते. मध्ये बेअरिंग वगैरे काही नाही, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक. उघडल्यावर दिसणारी पांढरी भुकटी बाहेरून आलेली धूळ नसते, ती वाटीच असते. चकत्या फिरवणाऱ्या ज्या दोन कमानींच्या खाचांतून स्टिक जाते, त्या खाचाही रुंदावतात. मग स्टिक थोडी हलली तरी चकती जागची हलत नाही. स्टिक गरगर फिरवायला लावणाऱ्या खेळांनी ही झीज फारच लवकर होते.

खोलणं सोपं आहे. मागचे सात आणि मागच्या खाचेतले दोन छोटे, असे नऊ स्क्रू काढले की कवच सुटतं. स्टिकचा डबा आत तीन स्क्रूंवर बसलेला असतो आणि त्याची वायर प्लगने जोडलेली असते, म्हणजे सोल्डरिंगचा प्रश्नच नाही. डबा उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कमानी आणि चकत्या उलटसुलट बसल्या तर दिशाच बदलतात. भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, कारण आत राहिली तर तीच पॉलिश पेपरसारखं काम करते. मग स्टिकचं टोक उजेडात धरून पाहा. ते गुळगुळीत गोल असायला हवं; सपाट कडं पडलं असेल तर स्टिकही बदलायची. वाटी आणि दोन्ही कमानी मात्र एकदमच बदलाव्यात. वाटीच्या तळाशी प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून टोक उचलण्याचा जुगाड चालतो, पण रुंदावलेल्या खाचांचं त्याने काही होत नाही.

बसवताना वाटीत टाचणीच्या टोपीएवढं सिलिकॉन ग्रीस पुरे. पेट्रोलियमचे फवारे नकोत, काही प्लॅस्टिकं त्यांनी तडकतात. चकतीच्या फटीत ग्रीस गेलं तर मोजणीच चुकते. शेवटी कन्सोल चालू करून स्टिकला हात न लावता एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा. त्या क्षणीची जागा शून्य धरली जाते.

आता ड्रिफ्ट. सोनीच्या ड्युअलशॉक किंवा निन्टेंडोच्या गेमक्यूबच्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक अक्षाला एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की रोध बदलणारा तीन पायांचा भाग, असतो, बहुधा १० किलोओहमचा. कार्बनच्या पट्ट्यावरून धातूची बोटं सरकतात आणि मधल्या पायावर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज मिळतं. ० ते २५५ च्या मोजपट्टीवर हा मध्य १२८ च्या जवळ येतो. स्टिक सगळ्यात जास्त वेळ मध्यावरच वळवळते, म्हणून पट्टाही तिथेच आधी खरवडतो.

मल्टिमीटर लावणारे इथे हमखास फसतात. बोर्डावर असतानाच बाहेरच्या दोन पायांमधला रोध मोजला तर १० ऐवजी ५ किलोओहमच्या आसपास दिसतो आणि भाग खराब ठरवला जातो. खरं तर दोन्ही पोटेन्शिओमीटर एकाच पुरवठ्यावर समांतर जोडलेले असतात, म्हणून तो निम्मा दिसतो. त्यापेक्षा कंट्रोलर चालू ठेवून मधल्या पायावरचं व्होल्टेज पाहा आणि स्टिक अगदी सावकाश फिरवा. आकडा सरळ चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर पट्टा गेला.

आधी सफाई करून बघायला हरकत नाही. पोटेन्शिओमीटरचं बाजूचं झाकण पातळ पात्याने अलगद उचला, अल्कोहोलने जेमतेम ओला केलेला इयरबड पट्ट्यावरून एकदाच फिरवा, पूर्ण वाळू द्या. घासू नका. मध्यावर चकचकीत ओरखडा दिसला तर सफाईचा फायदा थोडे दिवसच टिकेल.

स्टिकचं पूर्ण मॉड्यूल (पोटेन्शिओमीटर, बटण आणि चौकटीसकट अख्खा जोड) बदलायचं तर सर्वसाधारण रचनेत १४ टाके सोडवावे लागतात: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, दाबण्याच्या बटणाचे चार, धातूच्या चौकटीचे चार. चौकटीचे टाके बोर्डावरच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता पळवतात. तिथे आधी थोडं नवं सोल्डर घाला, मग विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) ओढून घ्या. आयर्न ३५० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा. नवख्यांनी जुनं मॉड्यूल वाचवण्याच्या फंदात पडूच नये. ते कटरने तुकडे करून कापावं आणि एकेक पाय वेगळा उपटावा. जोर लावून ओढलं की छिद्राभोवतीचं तांब्याचं कडं उखडतं, आणि मग पाच मिनिटांच्या कामाला संध्याकाळ लागते.

घर्षणच नको असेल तर हॉल सेन्सरची मॉड्यूल्स मिळतात. त्यांत चुंबक फिरतं आणि सेन्सर त्याचं क्षेत्र लांबूनच मोजतो. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये हेच वापरलं होतं. पण मॉड्यूल त्याच कंट्रोलरच्या व्होल्टेजवर चालणारं आहे ना, हे आधी पाहा. बसवल्यावर मध्य नीट जुळवावा लागतो, आणि स्प्रिंग व कमानी तिथेही झिजतातच.