रिपोर्टात 'पी१६ पॉझिटिव्ह' आलं तर

गर्भाशयमुखाच्या बायोप्सीच्या रिपोर्टात 'पी१६ पॉझिटिव्ह' असं आलं की इंदूरच्या रामबागेतल्या काकू असोत की सुदामानगरातली सून, पहिला प्रश्न ठरलेला: 'म्हणजे कॅन्सरच का?' तेवढ्यावरून नाही. पी१६ हे आपल्याच पेशींतलं प्रथिन, आणि तेही पेशींच्या बेसुमार वाढीला आळा घालणारं. मग ते वाढलेलं दिसलं की डॉक्टर सावध का होतात?

त्याचं कारण एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी या विषाणूच्या वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या संसर्गातून होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड झुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणूचं ई७ नावाचं प्रथिन पेशीतल्या आरबी या प्रथिनाला निकामी करतं. आरबी पेशीला उगाच दुभागू देत नाही, शिवाय पी१६ किती बनावं यावरही त्याचाच वचक. तो वचक गेला की पी१६ भराभर साचतं. पण ते काम करणार आरबीच्याच मार्फत, त्यामुळे उपयोग शून्य! चोर आत शिरल्यावर दाराशी पहारेकऱ्यांची रांग लागावी, तसं. तपासणाऱ्याला मात्र तीच रांग हवी असते.

ती दिसते कशी? तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून, मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात. त्यावर पी१६ला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी, मग रंग. प्रथिन असेल तिथे तपकिरी, बाकीची केंद्रकं निळी. इथेतिथे चार तपकिरी ठिपके दिसले तर त्यांना फारसा अर्थ नाही. गर्भाशयमुखाच्या अस्तराच्या तळापासून निदान एक-तृतीयांश जाडीपर्यंत सलग, गडद पट्टा हवा. त्यालाच 'ब्लॉक पॉझिटिव्ह' म्हणतात.

याचा खरा उपयोग घोळाच्या जागी होतो. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर पातळ होतं, पेशी दाटीवाटीनं दिसतात, आणि साध्या रंगात ते थेट कॅन्सरपूर्व बदलासारखं वाटू शकतं. अशा वेळी पी१६ नसेल आणि दुभागणाऱ्या पेशी दाखवणारं केआय-६७ही तुरळकच असेल, तर एक नको असलेली शस्त्रक्रिया टळते. कॅन्सरपूर्व बदलांच्या सीआयएन-१ ते ३ अशा पायऱ्या असतात; त्यातली सीआयएन-२ ही मधली पायरी ठरवतानाही पी१६ कामी येतं. सौम्य सीआयएन-१ मध्येही ते कधीकधी उमटतं, म्हणून सरसकट प्रत्येक बायोप्सीवर ही तपासणी करण्यात मला अर्थ दिसत नाही. उलट बाजूही आहे: एचपीव्हीशी संबंध नसलेले थोडे कॅन्सर पी१६ निगेटिव्ह येऊ शकतात.

दुसरं मत घ्यायला 'अवंतिका' एक्सप्रेसनं मुंबई गाठायची असेल, तर नुसती रिपोर्टाची फाइल नेऊ नका. स्लाइडबरोबर तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या. नवा काप काढून पुन्हा रंगवायचा तर तोच लागतो.