बांगड्याचा कल्ला उघडून बघा

कोल्हापुरात मासे घेताना कुणीही आधी कल्ला उचलून बघतं. लाल असला की ताजा, काळपट पडला की शिळा. पुढच्या वेळी बांगडा आणलात, तर साफ करताना त्याचं तोंड जरा फाकवा आणि आतवर नजर टाका. लाल कल्ल्यांच्या आतल्या बाजूला पिसासारखे लांब, पांढुरके, बारीक दाते दिसतील, फणीसारखे एकाला एक लागून. ही बांगड्याची चाळणी. तोंड उघडं ठेवून तो पोहतो, पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव या फणीत अडकतात. तेच त्याचं जेवण.

या जिवांना प्लवक म्हणतात. त्यातल्या वनस्पती प्लवकांना आपल्या उसासारखंच ऊन लागतं, नत्र आणि स्फुरद लागतं. अडचण एकच: समुद्रात ऊन वर आणि खत खाली. जे मरतं ते तळाकडं जातं आणि तिथंच कुजतं. ते खत पुन्हा उन्हात यायचं तर सगळं पाणी ढवळून निघायला हवं.

ते काम पावसाळी वारा करतो. त्याच्या जोरानं किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला सरतं आणि खालचं थंड, कसदार पाणी त्या जागी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडं हे जोरात घडतं, उत्तरेला जोर कमी होत जातो. पण कोकणातल्या नद्याही याच दिवसांत डोंगराचा गाळ समुद्रात नेऊन ओततात. मग प्लवकांचं पीक येतं. तोच वारा पुढं सह्याद्री चढतो, गगनबावड्याला कोसळतो आणि राधानगरी भरतो. धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडतात याकडं आपलं अख्खं गाव डोळे लावून बसलेलं असतं, त्याच सुमारास घाटाखाली समुद्रात बांगड्याची पिल्लं वाढत असतात. आपला ऊस आणि आपला बांगडा एकाच वाऱ्यावर पोसलेले आहेत, हे कळल्यापासून मला पावसाळा वेगळाच दिसायला लागला.

म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी समुद्रात लोटायची नाही, ही कोळी आणि गाबीत समाजाची चाल त्या कायद्याहून कितीतरी जुनी. या दिवसांत घरात ताजी कमाई नसते. जाळी शिवायची, होडीची डागडुजी करायची, उन्हाळ्यात सुकवलेल्या मासळीवर दिवस काढायचे. पुढच्या हंगामाच्या भरवशावर केलेली ही काटकसर आहे, आणि तो भरवसा आता डळमळतो आहे.

रापण ज्यांनी बघितली असेल त्यांना हे पटकन कळेल. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धगोल फिरून जाळं सोडते आणि परत किनाऱ्याला येते. मग दोन्ही बाजूंचे दोर धरून बायाबापडे, म्हातारी, पोरं सगळी ओढायला लागतात. मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. रापणकर समुद्रात लांब जाऊ शकत नाही; बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ आला तरच त्याची चूल पेटते. तो थवा वाटेतच पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यानं घेरला, की रापण रिकामी. रात्री एलईडीचा झगझगीत उजेड पाण्यावर टाकून मासळी गोळा करायची पद्धत तर त्याहून घातक. केंद्रानं २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार अजून थांबलेली नाही. त्यांची बाजू मला रास्त वाटते.

बांगडा साधारण वीतभर झाला की अंडी घालण्याजोगा होतो. त्याआधी पकडला तर त्याची पुढची पिढीच गेली. बारीक आसाच्या, म्हणजे लहान भोकांच्या जाळ्यात अशी पिल्लं ढिगानं येतात. त्यातली बरीच फिशमीलच्या कारखान्यात भुकटी होऊन जातात, उरलेली बर्फाच्या क्रेटमधून घाट चढून आपल्याकडं येतात. राज्य सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. पाऊल योग्यच होतं. पण बारक्या मासळीला गिऱ्हाईक मिळतं तोवर ती येत राहणार.

आणखी एक गोष्ट आपल्याला नदीकाठी राहून ठाऊक आहे. पंचगंगेत मळी किंवा सांडपाणी उतरलं की मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. समुद्रातही तेच होतं. प्लवकांचं पीक फार आलं, मेलं, तळाशी कुजलं, की खालचं पाणी प्राणवायूला महाग होतं. गोव्याच्या समुद्रात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हे दिसतं, आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेनं त्याचा बारकाईनं अभ्यास केला आहे. हे मुळात निसर्गानंच होतं, पण किनाऱ्यावरची खतं आणि सांडपाणी त्यात भर घालतात. आपली पंचगंगा मात्र तिकडं जात नाही. ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार आंध्रात हंसलादेवीजवळ बंगालच्या उपसागराला लागतं. मासळी आपण पश्चिमेच्या समुद्रातून आणतो आणि घाण पूर्वेच्या समुद्राच्या वाटेला लावतो. तिथंही मच्छीमारांचीच गावं आहेत.

गेल्या सप्टेंबरात बाजारात नेहमीच्या मावशींनी टोपली पुढं सरकवली. "बारकं हाय, पर कालवणाला लई ग्वाड लागतंय. न्या की." मी एका बांगड्याला वीत लावली, चार बोटं कमी पडली. नको म्हणालो आणि का ते सांगितलं. मावशींनी तो बांगडा उचलून आपल्या वितीला लावून बघितला, मग शेजारच्या टोपलीतल्याला लावला. "माझं म्हेर देवगडाकडचं," त्या म्हणाल्या. "आमचा आजा असलं परत पाण्यात सोडायचा." आणि बर्फ उकरून खालचे चार मोठे काढून त्यांनी काट्यावर टाकले.