भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घेताय? आधी हे विचारा

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "भाडं किती येईल?" आम्ही म्हणतो, "किती महिने येईल, ते आधी बघू." वर्षातला एकच महिना घर रिकामं राहिलं, तरी वर्षाच्या भाड्यातले ८.३३ टक्के गेले. म्हणून हिशेब १० महिन्यांच्या भाड्यावर मांडा. जुळला तरच पुढे जाऊ.

"५ टक्के परतावा मिळतो" असं कोणी सांगितलं, की हा आकडा खर्च वजा करून आहे का, ते लगेच विचारा. मेंटेनन्स, कर, विमा, दुरुस्त्या, भाडेकरू बदलला की रंगकाम, दलाली. (पहिला आकडा आमच्या तोंडूनही वजावटीआधीचाच निघतो, कबूल.)

कर्ज घेणार असाल, तर व्याज वाढलं तर काय? २० वर्षांच्या कर्जाचा दर ९ वरून १० टक्के झाला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. भाडं काही त्याच महिन्यात वाढत नाही. शिवाय ९ टक्के दराने पहिल्या हप्त्यातल्या दर १०० मधले ८३ व्याजातच जातात.

आता प्रत्यक्ष घर. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण ते स्वतः राहायला जाणार असल्यासारखं घर बघतात. बाल्कनीतला देखावा तुम्हाला आवडून उपयोग नाही. इथे भाड्याने कोण राहील, नोकरदार, विद्यार्थी की लहान मुलांचं कुटुंब, आणि त्यांना चालत जाऊन बस मिळेल का, ते बघा. एकदा रात्री नऊनंतर जा. सगळे नळ एकदम सोडून बघा. खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर कपाट सरकवायला सांगा. ओल बहुतेक वेळा तिथेच सापडते.

कागदपत्रं वकिलाकडूनच तपासून घ्या. भाड्याने द्यायला इमारतीच्या नियमांची आडकाठी आहे का, तेही त्यांनाच विचारा.

घरात आधीपासून भाडेकरू असेल, तर मालक जवळ नसताना त्याच्याशी दोन शब्द बोला. घरात काय बिघडतं, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याचा करार वाचा. त्याची अनामत मालकाकडून तुमच्याकडे कधी आणि कशी येणार, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्या. नाहीतर तो घर सोडताना ती तुमच्याकडेच मागेल.