आधी खाणी गेल्या, मग विधिमंडळ आले

१ मार्च १९७९ रोजी वेल्सच्या मतदारांना विचारण्यात आले : तुम्हाला स्वतःचे विधिमंडळ हवे का? पाचातल्या चौघांनी 'नको' म्हणून सांगितले. वेल्श भाषा जिथे घराघरांत बोलली जाते त्या वायव्येकडच्या ग्विनेथमध्येही नकारच जिंकला. अठरा वर्षांनी, १८ सप्टेंबर १९९७ ला, जवळपास तोच प्रश्न पुन्हा आला आणि या वेळी 'हो'ची सरशी झाली. फरक अवघ्या ६,७२१ मतांचा, पण आधीचा निकाल पाहता हे वळण लहान नव्हे. त्याचा उलगडा राष्ट्रवादाच्या इतिहासात कमी आणि कोळशाच्या इतिहासात जास्त सापडतो.

इंग्लंडने वेल्सला आपल्या राज्यकारभारात पुरते सामावून घेतले ते १५३६ आणि १५४२ च्या कायद्यांनी. न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली. लोक बोलत राहिले वेल्शच. पुढची दोन शतके हा मुख्यतः मेंढ्यांचा आणि डोंगराळ शेतीचा मुलूख होता. १७५९ मध्ये मर्थर टिडव्हिलजवळ डाउलाइसचा लोखंडाचा कारखाना उभा राहिला. लोहखनिज, कोळसा, चुनखडी आणि वाहते पाणी, सगळे हाताशी. मोठे मालक बहुतेक इंग्लंडमधून आलेले. फेब्रुवारी १८०४ मध्ये इथल्याच पेनिडॅरन कारखान्याच्या रुळांवर रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे ओढून नेली. शाळेत आपण रेल्वेचा जनक म्हणून स्टीफन्सनचे नाव पाठ करतो. हा प्रसंग त्याच्या पहिल्या इंजिनाच्याही आधीचा.

पैसा असा वाढत होता आणि कामगार कर्जात बुडत होता. १८३१ मध्ये मजुरी कपात आणि कर्जवसुलीच्या जप्त्या यांविरुद्ध मर्थर पेटले. काही दिवस गाव कामगारांच्या ताब्यात होते आणि त्यांच्या हाती लाल निशाण होते. सैन्याच्या गोळीबारात डझनाहून अधिक माणसे मेली. एका सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून डिक पेन्डेरिन या तरुण कामगाराला कार्डिफमध्ये फाशी दिले. तो सैनिक त्याला ओळखूही शकला नव्हता. १८३९ च्या नोव्हेंबरात मतदानाचा हक्क मागत चार्टिस्ट न्यूपोर्टवर चालून गेले. तिथे बावीस जणांचा बळी गेला. त्याच सुमारास पश्चिमेकडचे शेतकरी बायकांची वस्त्रे नेसून रात्री टोलनाके फोडत होते. त्यांच्या म्होरक्याचे टोपणनाव 'रिबेका'.

लंडनने या अशांततेचे निदान विचित्र केले. हे लोक अडाणी आहेत, म्हणून चौकशी बसवली. वेल्श न जाणणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी १८४७ मध्ये अहवाल दिला आणि मागासलेपणाचे खापर भाषेवर, सरकारी अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनामंदिरांवर आणि बायकांच्या चारित्र्यावरही फोडले. निळ्या वेष्टनातल्या या अहवालाची आठवण वेल्समध्ये आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून निघते. त्या अपमानातून जे राजकारण उभे राहिले ते अँग्लिकन जमीनदारांविरुद्ध प्रार्थनामंदिरातल्या माणसांचे होते आणि त्याचा पक्ष उदारमतवादी. त्यातूनच लॉइड जॉर्ज वर आले आणि १९१६ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. वेल्समधल्या अँग्लिकन चर्चचा सरकारी दर्जा १९२० मध्ये संपला. पण तोवर त्या राजकारणाचा पाया खचत आला होता.

कारण मधल्या काळात दक्षिण वेल्समधले ऱ्होंडाचे खोरे कोळशाने बदलून गेले होते. १८५१ मध्ये जेमतेम दोन हजार वस्ती असलेल्या या खोऱ्यात १९११ साली दीड लाखांवर माणसे राहत होती. इथला कोळसा धूर कमी आणि ऊब जास्त देणारा, त्यामुळे ब्रिटिश आरमारापासून जगभरच्या बोटींपर्यंत सगळ्यांना तोच हवा. १९१३ मध्ये दक्षिण वेल्समध्ये सुमारे ५.७ कोटी टन कोळसा निघाला आणि तो काढणारे हात दोन लाख तीस हजारांवर होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला सेंगहेनिथच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार आणि बचावाला गेलेला एक जण मेला. ब्रिटनच्या इतिहासातली ही सर्वांत भीषण खाणदुर्घटना. मालक कंपनी आणि व्यवस्थापक किरकोळ दंडावर सुटले.

खाणकामगारांचा पहिला मोठा पुढारी विल्यम अब्राहम, म्हणजे 'मेबन', सभा तापली की वेल्श भजन सुरू करायचा. मालक-मजूर एकाच नावेत आहेत, हा त्याचा विश्वास. मजुरी कोळशाच्या भावाला बांधलेली, त्यामुळे भाव पडला की पोटाला चिमटा. १८९८ च्या टाळेबंदीतल्या पराभवानंतर दक्षिण वेल्स खाणकामगार महासंघ स्थापन झाला आणि १९१० मध्ये टोनिपँडीला दंगल होऊन गृहमंत्री चर्चिलने सैन्य धाडले, तेव्हा भजनाचा जमाना सरल्यात जमा होता. १९२२ पासून प्रत्येक ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत वेल्समधल्या सर्वाधिक जागा मजूर पक्षाने जिंकल्या आहेत.

इथेच खरी मेख आहे. १९२५ मध्ये प्लाइड कमरी हा राष्ट्रवादी पक्ष निघाला, पण खाणीच्या खोऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ऱ्होंडाच्या कामगाराचा भाऊबंद इंग्लंडच्या खाणपट्ट्यात, डरहॅम-यॉर्कशरमध्ये होता, ग्विनेथच्या शेतात नव्हे. इंग्लंडमधून कामाला आलेल्यांमुळे खाणीत इंग्रजी रुळली होती. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे निम्म्याच्या खाली, ४३.५ टक्क्यांवर आले. शिवाय लंडनच्या सत्तेने हाती काही दिलेही. ट्रेडीगरच्या कामगारांनी वर्गणी काढून चालवलेली दवाखान्याची योजना पाहत वाढलेला खाणकामगार अनायरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला साऱ्या ब्रिटनसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. खाणी तर त्याआधीच, १ जानेवारी १९४७ ला, सरकारी मालकीच्या झाल्या होत्या. एवढे मिळत असताना वेगळे विधिमंडळ कशाला, हा प्रश्न त्या माणसांना गैरवाजवी वाटत नव्हता. १९७९ च्या नकाराचा एक बिनीचा प्रचारक नील किनक हा खाणकामगाराचाच मुलगा होता.

तडे मात्र आधीच गेले होते. लिव्हरपूलला पाणी हवे म्हणून ट्रवेरिन खोऱ्यातले कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव १९६५ मध्ये धरणाखाली गेले. त्या विधेयकाला वेल्सच्या एकाही खासदाराने पाठिंबा दिला नव्हता. तरी ते मंजूर झाले. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये पोटनिवडणुकीत ग्विनव्हॉर इव्हान्स प्लाइड कमरीचे पहिले खासदार म्हणून निवडून आले. २१ ऑक्टोबर १९६६ ला अबरव्हॅनमध्ये खाणीच्या राडारोड्याचा डोंगर घसरून शाळेवर आला आणि १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले. दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा ठरला. शिक्षा कोणालाच नाही. उलट उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चासाठी मृतांच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. म्हणजे सरकारी मालक झाला तरी मालक तो मालकच.

शेवटचा घाव १९८४-८५ चा. खाणी बंद करण्याविरुद्धच्या संपात दक्षिण वेल्सचे सुमारे वीस हजार कामगार जवळपास वर्षभर टिकले. इतका एकजुटीचा प्रांत दुसरा नव्हता. संप हरला आणि १९९० च्या डिसेंबरात ऱ्होंडाची शेवटची खाण, मर्डी, बंद झाली. त्या सबंध काळात वेल्स मजूर पक्षाला मत देत राहिला आणि हुजूर पक्षाची राजवट सोसत राहिला. १९८७ ते १९९७ या दहा वर्षांत वेल्सचा कारभार पाहणारे चारही मंत्री इंग्लंडमधल्या मतदारसंघांचे होते. १९९७ मध्ये राजधानी कार्डिफने पुन्हा 'नको'च म्हटले. 'हो' आले ते पश्चिमेकडच्या वेल्शभाषक भागांतून आणि त्यांच्याबरोबर, प्रथमच, रिकाम्या झालेल्या खाणींच्या खोऱ्यांतून.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या विधिमंडळाला २०११ च्या सार्वमताने आपल्या अखत्यारीतल्या विषयांवर कायदे करण्याचा पूर्ण अधिकार मिळाला. २०२० पासून त्याचे नाव 'सेनेथ'. आरोग्य आणि शिक्षण त्याच्या हाती आहे, अवजड उद्योगाचे मोठे निर्णय नाहीत. पोर्ट टॅलबटचा पोलाद कारखाना २००७ मध्ये कोरस कंपनीच्या खरेदीबरोबर टाटा स्टीलकडे, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे हाउसकडे आला. तिथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला विझवली गेली. तिच्या जागी येणाऱ्या विद्युत भट्टीचा व्यवहार टाटा आणि लंडनचे सरकार यांच्यात ठरला, त्यात सरकारचे ५० कोटी पौंड आहेत आणि नव्या भट्टीला कामगार पूर्वीपेक्षा खूप कमी लागणार आहेत.