चिकट प्रथिनांचे ग्राही (रक्त व रक्तवाहिनी)

रक्तातील प्लेटलेट आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी ज्या रेणूंनी फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन, फॉन विलेब्रँड घटक अशी चिकट प्रथिने धरून ठेवतात, ते हे ग्राही. त्यांतले बरेचसे इंटेग्रिन कुळातले असून प्रत्येकात एक अल्फा व एक बीटा साखळी असते.

वाहिनी फाटली की उघड्या पडलेल्या कोलॅजनवर (भिंतीतले तंतुमय प्रथिन) फॉन विलेब्रँड घटक बसतो. धावती प्लेटलेट ‘जीपी-वनबी’ या ग्राहीने (हा इंटेग्रिन नव्हे) त्याला अडकून मंदावते. पक्की पकड मात्र ‘अल्फा-टूबी-बीटा-थ्री’ या इंटेग्रिनची. एका प्लेटलेटवर हे सुमारे ८०,००० असतात, पण एरवी मिटलेले. नाहीतर डेसिलिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम फायब्रिनोजेन असलेल्या रक्तात जागोजागी गुठळ्या झाल्या असत्या. एडीपी किंवा थ्रॉम्बिन या प्लेटलेटला चेतवणाऱ्या रेणूंचा इशारा मिळताच पेशीच्या आतले टॅलिन हे प्रथिन बीटा साखळीला चिकटते, ग्राही ताठ होतो आणि फायब्रिनोजेनचा एकच रेणू दोन टोकांनी दोन प्लेटलेट जोडतो. अस्तरपेशींवर हीच बीटा साखळी ‘अल्फा-व्ही’सोबत असते.

मराठवाड्याच्या माळरानावर दगडाखाली दडणाऱ्या फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन हे ४९ अमिनो आम्लांचे प्रथिन असते. ते प्लेटलेटवरच्या अल्फा-टूबी-बीटा-थ्रीत जाऊन बसते. हृदयविकारात शिरेतून देतात ते टायरोफिबान त्याच नमुन्यावर घडवलेले आहे. दंशानंतरच्या रक्तस्रावाचे मोठे कारण मात्र फायब्रिनोजेन खर्ची पडणे. ते पाहण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर ताजे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून मग नळी तिरकी करून रक्त गोठले का ते पाहतात. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निरोगी रक्तही गोठत नाही आणि प्रतिविष उगाच दिले जाते.

ग्लान्झमनच्या विकारात (वर्णन १९१८) अल्फा-टूबी-बीटा-थ्री हा ग्राही जन्मतः नसतो किंवा निकामी असतो. सदोष जनुक आई-बाप दोघांकडून यावे लागते, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत शक्यता वाढते. मुलाचा घोळणा वारंवार फुटतो, हिरड्यांतून रक्त येते, पण प्लेटलेटची संख्या नॉर्मल. रिपोर्ट पाहून घरी पाठवले जाते ते इथेच. ॲग्रिगोमेट्रीत (प्लेटलेट एकमेकींना किती चिकटतात ते मोजणारी चाचणी) एडीपीला प्रतिसाद शून्य आणि जीपी-वनबीमार्फत प्लेटलेट चिकटवणाऱ्या रिस्टोसेटिनला बऱ्यापैकी आला, की निदान जवळजवळ झालेच. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरचे रेणू मोजणारी चाचणी) सीडी-४१ व सीडी-६१, म्हणजे याच ग्राहीच्या अल्फा व बीटा साखळ्या, तपासून खात्री करतात.

ॲग्रिगोमेट्रीसाठी ९ भाग रक्त व १ भाग ३.२ टक्के सोडियम सायट्रेट घ्यावे. नमुना बर्फात ठेवू नये, कारण थंडीने प्लेटलेट आपोआप चेततात. चाचणी ४ तासांत उरकावी लागते, म्हणून नांदेड-लातूरहून नमुना पुण्या-मुंबईला पाठवण्यापेक्षा रुग्णालाच नेलेले बरे.