कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ

अन्य भाषांत बोलणे, भविष्यकथन, रोगमुक्ती ही पवित्र आत्म्याची कृपादाने (‘कॅरिस्मा’) प्रेषितांच्या काळापुरती नव्हती, ती आजच्या भाविकालाही मिळतात, या श्रद्धेवर उभी राहिलेली कॅथलिक चर्चमधील प्रार्थना-चळवळ. तिला कोणी एक संस्थापक नाही. उगमाचे ठिकाण मात्र नेमके सांगता येते. अमेरिकेतील पिट्सबर्गजवळचे ‘द आर्क अँड द डव्ह’ हे साधनागृह, फेब्रुवारी १९६७.

ड्युकेन विद्यापीठातले काही विद्यार्थी आणि प्राध्यापक तेथे एकांतसाधनेसाठी जमले होते. काही प्राध्यापक महिनाभरापूर्वी एका प्रेस्बिटेरियन (म्हणजे प्रोटेस्टंट) बाईंच्या घरच्या प्रार्थनासभेला जाऊन आले होते. विद्यार्थ्यांना बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’चे पहिले चार अध्याय वाचून यायला सांगितले होते. शनिवारी रात्री वाढदिवसाची पार्टी ठरली होती, ती बाजूलाच राहिली. एकेक जण वरच्या मजल्यावरच्या प्रार्थनालयात गेला आणि तिथलाच झाला. कोणी जमिनीवर पालथे पडले, कोणी रडले, कोणी हसत सुटले. काहींच्या तोंडून त्यांनाही न कळणारे शब्द येऊ लागले. ही वार्ता लवकरच नोटर डेम विद्यापीठात आणि मिशिगनमधील ॲन आर्बर या विद्यापीठ-नगरीत पोहोचली.

अशा अनुभवांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक प्रोटेस्टंट आपापल्या चर्चमधून बाहेर पडले किंवा काढले गेले. कॅथलिकांच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे बरेचसे श्रेय बेल्जियमचे कार्डिनल सूनेन्स यांना द्यावे लागेल. कृपादाने सामान्य भाविकांनाही मिळतात, हा मुद्दा त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२–६५ मधील बिशपांची जागतिक परिषद) आधीच लावून धरला होता. १९७५ च्या पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) पोप सहावे पॉल यांनी रोममध्ये जमलेल्या सुमारे दहा हजार कॅरिस्मॅटिकांचे स्वागत केले, आणि शंकेखोर बिशपांची धार बोथट झाली.

शंका मात्र निराधार नव्हत्या. बाप्तिस्मा एकदाच होतो, मग ‘आत्म्याचा बाप्तिस्मा’ हा काय प्रकार? हा नवा संस्कार नसून पूर्वीच मिळालेली कृपा जागी होणे आहे, असे उत्तर धर्मपंडितांनी दिले. चळवळीतल्या एकत्र राहणाऱ्या काही निवासी समुदायांत पुढाऱ्यांची हुकमत सभासदांच्या लग्न-नोकरीपर्यंत पोहोचली, हे अधिक गंभीर. रोगमुक्तीच्या सभांत उन्माद आणि नाटकीपणा नको, अशी ताकीद व्हॅटिकनला २००० मध्ये द्यावी लागली. पोप फ्रान्सिस यांनाही सुरुवातीला ही मंडळी सोसवत नसत. हे प्रार्थनेला सांबा नाचाची शाळा समजतात, असे आपण तेव्हा म्हणत होतो, अशी कबुली त्यांनी २०१३ मध्ये दिली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने २०१९ मध्ये ‘कॅरिस’ ही जागतिक सेवा-संस्था कार्यरत झाली.

भारतात चळवळीची पहिली पावले १९७० च्या दशकात मुंबईत पडली. येथील जेझुइट धर्मगुरू फिओ मस्करेन्हस यांनी पुढे तिच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचे अध्यक्षपद सांभाळले, तर मुंबईचेच फादर रूफस परेरा भूतबाधा-निवारणाच्या सेवेसाठी जगभर ओळखले गेले. मोठी गर्दी मात्र केरळात चालकुडीजवळच्या मुरिंगूर येथे व्हिन्सेन्शियन संघातील धर्मगुरूंच्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरला असते. तेथील निवासी शिबिरे मल्याळमखेरीज हिंदी, तमिळ, कोंकणी अशा भाषांतही होतात.