लाईट गेली, डाव शाबूत

१२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज काही तास गेली. एवढं मोठं संकट रोज येत नाही. पहिल्या पावसातला पाच मिनिटांचा खोळंबा मात्र ठरलेला. म्हणून वाशीत किंवा ठाण्यात बुद्धिबळ इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची, एकमेकांविरुद्ध स्पर्धा भरवताना लाईट जाणारच, असं धरून चालावं.

सगळे आधी यूपीएसकडे धावतात. ६०० व्हीए लिहिलेला छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. त्यात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. भराभर उपसली की त्यातली जेमतेम निम्मी हाती लागते. नुसता चालू डेस्कटॉप ५०-६० वॅट घेतो, पण इंजिनाने प्रोसेसरचे सगळे कोअर (गणित करणारे भाग) कामाला जुंपले की तोच दीडशेपार जातो. हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. बॅटरी तीन वर्षांची असेल तर त्याहून बराच कमी. त्याच यूपीएसवर कोण कोणाशी खेळणार ते जोड्यांचे तक्ते छापायला लेझर प्रिंटर लावला तर संपलंच. त्याचा हीटर क्षणभर हजार वॅटच्या आसपास ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

घरगुती इन्व्हर्टरही चालतो, पण स्विच ‘यूपीएस मोड’वर हवा. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागला की मशीन रीस्टार्ट.

लॅपटॉप बंद पडत नाही, पण तिथे वेगळाच घोळ. चार्जरची वीज गेली की बरेच लॅपटॉप प्रोसेसर मंद करतात, सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थिती घटतात आणि इंजिन कमकुवत खेळतं. एक बाजू डेस्कटॉपवर आणि दुसरी लॅपटॉपवर असेल तर हा सरळ अन्याय आहे. पंचांनी दोन्ही घड्याळं तिथेच थांबवावीत.

यूपीएसमुळे मिळतात ती मिनिटं. डाव टिकतो नोंदीमुळे, आणि इथेच बहुतेक आयोजक ढिले पडतात. काही प्रोग्रॅम पीजीएन फाइल, म्हणजे डावातल्या सगळ्या चालींची नोंद, डाव संपल्यावरच लिहितात. तसं असेल तर मधेच गेलेली लाईट अख्खा डाव गिळते. एफईएन ओळ, म्हणजे पटावरच्या एका स्थितीचं एका ओळीतलं वर्णन, जपली तरी पुरत नाही. तिच्यात मोहऱ्यांची जागा, कोणाची पाळी, कॅसलिंगचे हक्क, बरोबरीच्या पन्नास चालींच्या नियमाची मोजणी असतं. घड्याळावरची वेळ नसते आणि स्थिती आधी कितीदा आली तेही नसतं. मग तीच स्थिती तीनदा आल्याचा बरोबरीचा दावा तपासणार कसा? म्हणून प्रत्येक चालीनंतर पूर्ण चालींची यादी आणि दोन्ही घड्याळांवरची वेळ हवी. शिवाय प्रत्येक मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटरने वहीत पेनाने लिहावं: ‘३७. हत्ती डी१, पांढरा ४१:१२, काळा ३८:०५’. ही वही बॅटरीवर चालत नाही.

फाइल ‘सेव्ह’ दिसली तरी ऑपरेटिंग सिस्टीम ती काही सेकंद रॅममध्येच ठेवू शकते. त्यामुळे दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि विंडोजमध्ये त्याला ‘क्विक रिमूव्हल’ धोरण ठेवावं. मग मजकूर लिहिताक्षणी उतरतो. इंटरनेटवर थेट डाव दाखवायचा तर राउटरला १२ व्होल्टचा वेगळा मिनी यूपीएस लागतो, हे हमखास विसरलं जातं.

वीज आल्यावर लगेच मशीन सुरू करू नका, दोन-तीन मिनिटं व्होल्टेज स्थिरावू द्या. रॅममधलं हॅश टेबल, म्हणजे इंजिनाने आधी तपासलेल्या स्थितींची साठवण, गेलेलं असतं, म्हणून तीच स्थिती, तोच वेळ देऊनही इंजिन आधीपेक्षा वेगळी चाल खेळू शकतं. ही तक्रार मान्य करायची की नाही, हे पहिल्या फेरीआधीच नियमांत लिहून टाका.

आदल्या दिवशी सगळी इंजिनं पूर्ण जोरात चालवून भिंतीवरचा स्विच बंद करा. प्लग उपटू नका, अर्थिंगही तुटतं. पहिली बीप ते बंद पडणं, ही मिनिटं मोजून यूपीएसवर चिकटपट्टीने लावा. आणि त्या दिवशी वीज बंद असल्याचा निरोप आलाय का, ते सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारा: महावितरणचा दुरुस्तीसाठी वीज बंद असल्याचा एसएमएस त्या मीटरसाठी नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, तुमच्या नाही.